घरातल्या टाकीत समुद्र जगवणारा फिलिप गॉस आणि काचेवरच्या शेवाळाचं कोडं

खाऱ्या पाण्याचा फिश टँक घरी ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची? मासे महाग असतात, मीठ महाग असतं, दिव्यांचं बिल वेगळंच. पण उत्तर येतं ते शेवाळाचं. आज काच पुसावी, चार दिवसांनी परत हिरवी. दगडांवर केसांसारखे झुपके, वाळूवर तपकिरी थर, आणि एखाद्या सकाळी बघावं तर पाणीच वाटाण्याच्या सुपासारखं झालेलं.

ही डोकेदुखी घरोघरी पोचली ती १८५० च्या दशकात, व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडमध्ये. ती पोचवणाऱ्या माणसाचं नाव फिलिप हेन्री गॉस. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो याच माणसाने.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, वूस्टर गावचा. बालपण गेलं पूल या बंदराच्या गावी. वडील छोटी व्यक्तिचित्रं रंगवून विकायचे आणि गिऱ्हाईक शोधत गावोगाव फिरायचे. घरात पैसा जेमतेम. पण पोराला एक आत्या होती, सुसान बेल. किडे-कोष-फुलपाखरांची तिला चांगली जाण. समुद्रफुलं खडकावरून आणून समुद्राच्याच पाण्यात भांड्यात ठेवून बघ, हे त्याला पहिल्यांदा सुचवलं तिनेच. पुढे जे काही झालं त्याचं बीज त्या आत्याच्या भांड्यात होतं म्हणायला हरकत नाही.

वयाच्या १७ व्या वर्षी, १८२७ मध्ये, तो न्यूफाउंडलंडला कारकुनी करायला गेला. कार्बोनिअर नावाच्या गावात व्यापाऱ्याच्या पेढीत हिशेब लिहायचे. १८३२ साली तिथे एका लिलावात त्याने सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि गडी कायमचा त्या नादाला लागला. मग कॅनडात जाऊन शेती करून पाहिली, ती फसली. १८३८ मध्ये अमेरिकेत अलाबामाला काही महिने शाळामास्तरकी केली. तिथली गुलामगिरी त्याला बघवली नाही. किड्यांची रंगीत चित्रं घेऊन तो १८३९ मध्ये मायदेशी परतला. परतीच्या जहाजात लिहिलेलं कॅनडाच्या निसर्गावरचं पुस्तक पुढच्याच वर्षी छापून आलं. १८४४ ते १८४६ जमैकात पक्षी गोळा केले, त्यावरही पुस्तकं आली.

माणूस कट्टर धार्मिक होता. बायबलमधला शब्द न् शब्द खरा मानणाऱ्या ब्रदरन पंथातला. १८४८ मध्ये त्याने एमिली बोव्ज हिच्याशी लग्न केलं, ती स्वतः लेखिका. १८४९ मध्ये त्यांना मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉसने मुलाच्या जन्माची नोंद केली आणि त्याच दमात जमैकाहून आलेल्या एका पक्ष्याचीही. बापाचं प्रेम कमी होतं असा याचा अर्थ नाही, पण माणूस कसा होता ते कळतं.

आता मूळ मुद्दा. १८५२ च्या सुरुवातीला लिहून लिहून तब्येत बिघडली, डोकेदुखीने हैराण झाला, म्हणून गॉस कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर हवापालटाला गेला. आधी सेंट मेरीचर्च, मग इल्फ्राकोंब. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांतली पाण्याची डबकी त्याने पाहिली आणि विश्रांती तिथेच संपली. समुद्रफुलं, खेकडे, कोळंबी, रंगीबेरंगी शैवाल. हे सगळं घरी आणलं की दोन-तीन दिवसांत पाणी नासायचं आणि प्राणी मरायचे. दिवसाआड ताजं समुद्राचं पाणी आणणं किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच जमणार. लंडनवाल्याने काय करायचं?

या प्रश्नावर आधीही काही लोक झगडले होते. सिसिलीत जान विलप्रो-पॉवर या बाईंनी १८३० च्या दशकातच काचेच्या टाक्या बनवून समुद्री प्राण्यांचा अभ्यास केला होता. लंडनमध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ पासून घरी प्रवाळ जगवले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची. आणि रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. कोड्याची चावी त्याच्याकडे होती.

वॉरिंग्टनने गोड्या पाण्यात प्रयोग केला होता. टाकीत गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडणार, तो वनस्पती उजेडात घेणार आणि ऑक्सिजन परत देणार. हिशेब चोख. पण थोड्याच दिवसांत वनस्पतीची जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं आणि काचेवर हिरवा थर चढला. मग त्याने टाकीत तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला, काच साफ केली, आणि टाकी चालू राहिली. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मासा आणि वनस्पती एवढ्यावर भागत नाही, सफाई करणारा तिसरा गडी लागतो, हा त्या प्रयोगाचा खरा शोध.

पुढे वॉरिंग्टनने हेच खाऱ्या पाण्यात करायला घेतलं आणि जवळपास त्याच काळात डेव्हनमध्ये गॉसनेही. दोघांनी आपापले निष्कर्ष विज्ञानाच्या नियतकालिकांत छापले. पहिला कोण, यावर फार चिखलफेक झाली नाही हे विशेष.

खाऱ्या पाण्यात अडचण वेगळी होती. समुद्री शैवालाला मुळं नसतात. ते खडकाला एका चकतीने नुसतं चिकटून बसतं आणि अन्न सगळं पाण्यातूनच शोषतं. उपटून आणलं की ते मेलंच समजा, आणि मेलेलं शैवाल पाणी सगळ्यात लवकर नासवतं. म्हणून गॉस हातोडा-छिन्नी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचा आणि शैवाल ज्या दगडावर असेल त्या दगडाचा तुकडाच फोडून आणायचा. कुठलं शैवाल टाकीत टिकतं तेही त्याने आजमावून पाहिलं. सुंदर दिसणारी नाजूक लाल शैवालं पटकन माना टाकायची. पालेभाजीसारखं दिसणारं हिरवं उल्वा आणि चिवट कॉन्ड्रस मात्र तग धरायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपण ज्याला वैतागून शेवाळ म्हणतो आणि गॉस ज्याला टाकीचा प्राण म्हणून जपत होता, ती एकाच मोठ्या गोतावळ्यातली मंडळी आहेत. उल्वा हवं म्हणून खिडकीतला उजेड द्यायचा, तर तोच उजेड काचेवरच्या हिरव्या थरालाही मिळणार. पाण्यात शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू कायम असतात. ते कुणी आणून टाकावे लागत नाहीत. जागा आणि उजेड मिळाला की रुजतात. म्हणजे शेवाळ संपवायचं म्हटलं तर टाकीच संपते, आणि मोकळं सोडलं तरी टाकी संपते.

गॉसने काढलेला मार्ग त्या मानाने साधा होता, पण रोज लक्ष घालावं लागणारा. उजेड द्यायचा, पण थेट कडक ऊन नाही. उन्हाळ्यात टाकीला पडदा लावायचा, कारण तापलेलं पाणी प्राण्यांना मारतं आणि हिरव्याला माजवतं. मेलेला प्राणी दिसला की त्याच क्षणी बाहेर काढायचा. एक मेलेला शिंपला अख्खी टाकी घालवू शकतो. वाफ होऊन पाणी कमी झालं की त्यात खारं नाही, गोडं पाणी घालायचं, कारण मीठ उडून जात नाही, ते मागेच राहतं. ही शेवटची चूक आजही नवे हौशी लोक करतात.

आणि मग गोगलगायी. किनाऱ्यावर ढिगाने मिळणारी पेरिविंकल आणि भोवऱ्याच्या आकाराची ट्रोकस. पेरिविंकलची जीभ म्हणजे एक लांब फीत, तिच्यावर ओळीने बारीक दात, आणि ती आत वेटोळं करून ठेवलेली. काचेला चिकटून ती हळूहळू सरकते, जीभ बाहेर काढते, खरवडते, आत ओढते, परत काढते. कोवळ्या हिरव्या थरावर तिच्या मागे अर्धगोल रेघांची नक्षी उमटत जाते, शेतात विळ्याने गवत कापत गेल्यासारखी. काचेच्या बाहेरून भिंग धरलं की हे सगळं स्पष्ट दिसतं. गॉस सूक्ष्मदर्शकाचा माणूस, तासन्‌तास ते बघत बसायचा. मात्र पेरिविंकल भरतीच्या रेषेवर राहणारा जीव, तिला पाण्याबाहेर हिंडायची सवय. रात्रीतून टाकीच्या काठावरून पसार होणं हा तिचा नेहमीचा उद्योग.

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात फिश हाउस सुरू झालं. त्यासाठी समुद्री प्राणी पुरवणाऱ्यांत गॉस होता. लोकांनी उभ्या आयुष्यात समुद्राच्या आतला भाग असा काचेतून पाहिला नव्हता. मग १८५४ मध्ये गॉसचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं. आतली रंगीत चित्रं त्याने स्वतः काढलेली. पुस्तक तुफान चाललं. पुढच्या वर्षी टाकी कशी मांडायची याची खास पुस्तिका निघाली.

वेळही अशी जुळून आली की विचारू नका. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झालेली. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचलेली, म्हणजे सकाळी काढलेलं समुद्रफूल संध्याकाळी लंडनच्या दिवाणखान्यात. राहता राहिला प्रश्न पाण्याचा, तोही गॉसने १८५४ मध्ये सोडवला. समुद्राच्या पाण्याच्या रासायनिक पृथक्करणावरून त्याने साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार घेतले, साध्या पाण्यात मिसळले आणि घरच्या घरी समुद्र बनवला. त्या पाण्यात लगेच प्राणी सोडायचे नाहीत, आधी उल्वा ठेवायचं, काही दिवस थांबायचं, मग प्राणी. आज टाकी ‘मुरू द्या’ असा जो सल्ला दुकानदार देतो, त्याचाच हा जुना अवतार.

मध्यमवर्गीय इंग्लंड वेडं झालं. दिवाणखान्यात टाकी नसेल तर घर मागासलेलं. विल्यम अल्फर्ड लॉइड नावाच्या माणसाने लंडनमध्ये टाक्या, समुद्राचं पाणी आणि जिवंत प्राणी विकणारं दुकानच थाटलं. स्वतः गॉस किनाऱ्यावर वर्ग घ्यायचा. टोप्या-झगे सावरत बायका आणि कोट घातलेले साहेब त्याच्या मागे खडकांवरून उड्या मारत चाललेत असं दृश्य. १८५६ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्वही मिळालं.

पण घरोघरच्या टाक्यांचं काय झालं? बहुतेकांनी पुस्तकातली चित्रं पाहिली, नियम वाचले नाहीत. टाकी शोभेसाठी म्हणून सगळ्यात उजेडाच्या खिडकीत ठेवली. छोट्या टाकीत हौसेने पंधरा-वीस प्राणी कोंबले. त्यांना मटणाचे तुकडे खायला घातले आणि उरलेलं तळाशी कुजू दिलं. ऊन अधिक कुजकं अन्न, म्हणजे शेवाळाला आमंत्रणच. काही आठवड्यांत काचेआडचं काही दिसेना आणि वास मारू लागला. मग टाकी ओतून दिली, नाहीतर परत किनारा गाठला आणि नवे प्राणी आणले.

हे परत परत किनारा गाठणंच महागात पडलं.

१८५७ हे वर्ष गॉससाठी फार वाईट गेलं. फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. मुलगा सात वर्षांचा. त्याच वर्षी त्याने ‘ओम्फॅलोस’ हे पुस्तक काढलं. देवाने पृथ्वी निर्माण केली तीच जुनी दिसेल अशी, जीवाश्मांसकट, असा त्यात दावा. विज्ञान आणि बायबल यांचं भांडण मिटेल अशी त्याला आशा होती. झालं उलटंच. शास्त्रज्ञ हसले आणि धार्मिक लोकांनाही ते पटलं नाही. पुस्तक पडलं. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही, पण इतका बारकाईने पाहणारा माणूस इथे पुराव्याकडे पाठ करून बसला, ही खटकणारी गोष्ट आहेच.

त्याच वर्षी तो मुलाला घेऊन डेव्हनमध्ये सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला. तिथे ब्रिटिश समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ १८६० पर्यंत पुरा केला. त्यासाठी बापलेक रोज खडकांत उतरायचे. एडमंडने पुढे १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ हे पुस्तक लिहिलं, त्यात हे दिवस आहेत. लहानपणी पाहिलेली डबकी किती भरलेली होती आणि नंतर ती कशी ओकीबोकी झाली, हे त्याने लिहून ठेवलंय. पुस्तकं वाचून हौशी लोकांच्या झुंडी आल्या, त्यांनी छिन्न्या चालवल्या, टोपल्या भरून नेल्या. शतकानुशतकं कुणी हात न लावलेल्या त्या कपारी काही वर्षांत लुटल्या गेल्या. आणि याला आपली पुस्तकं कारण झाली, ही बोच बापाला कायम राहिली, असं मुलाने सांगितलंय. ज्याला निसर्गात देवाची कारागिरी दिसायची, त्याच्याच हातून ती उधळायला सुरुवात झाली होती.

शेवाळाच्या कोड्यात पुढची मजल मारली ती गॉसने नव्हे, तर त्या दुकानदार लॉइडने. हा मूळचा बुकबाइंडिंगच्या धंद्यातला, शिकलेला स्वतःच्या बळावर. वर्षानुवर्षं टाक्या विकून आणि बिघडलेल्या टाक्या बघून त्याला कळलं, की पाणी उजेडात जितका वेळ राहील तितकं ते हिरवं होणार. मग सगळं पाणी उजेडात ठेवायचंच कशाला? दिसायला एक टाकी, आणि खाली अंधारात तिच्यापेक्षा कितीतरी मोठा हौद. पंपाने पाणी सतत वर-खाली फिरतं ठेवायचं. अंधारात हिरवं वाढत नाही, फिरत्या पाण्यात हवा मिसळते आणि मोठ्या साठ्यामुळे घाण विरळ होते. हॅम्बुर्गच्या आणि १८७१ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्याने ही पद्धत वापरली. शैवाल बाहेरून आणून लावायची गरज नाही, पाण्यातले बीजाणू आपोआप दगडांवर पुरेसं उगवतात, हेही त्याचंच म्हणणं. म्हणजे जे हौशी लोक खरवडून फेकत होते त्यातलं थोडं राखलं असतं, तरी किनाऱ्यावरच्या कितीतरी खडकांवर छिन्नी चालली नसती.

आज खाऱ्या पाण्याचा टँक बघा. खालच्या कपाटात एक वेगळी टाकी असते, तिला हौशी मंडळी सम्प म्हणतात. हा लॉइडच्या हौदाचाच वारस. त्याच सम्पमध्ये एका कप्प्यात मुद्दाम शैवाल वाढवतात, ते पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेतं, म्हणजे वरच्या टाकीतल्या शेवाळाला खायला कमी उरतं. काचेवर ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी सोडतात. दिवे ठरावीक तासच लावतात. खाऊ कमी घालतात. नळाच्या पाण्यातून फॉस्फेट येऊ नये म्हणून आरओचं पाणी वापरतात. आणि नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत जो तपकिरी थर येतो तो डायटम्सचा, तो बहुतेक वेळा आपोआप ओसरतो, त्यासाठी औषधं ओतायची नसतात. पडदा, गोगलगाय, मेलेलं लगेच बाहेर, गोड्या पाण्याची भर ही गॉसची यादी अजून जशीच्या तशी चालते.

गॉसला जे माहीत नव्हतं ते असं, की सगळा हिशेब ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचा नाही. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि कुजण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. दगड-वाळूवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हेच नायट्रेट शेवाळाचं खत होतं. नव्या टाकीत काही दिवस थांबा, हे गॉस अनुभवाने सांगत होता. थांबल्यावर नेमकं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८६० मध्ये त्याने एलायझा ब्राइटवेन हिच्याशी दुसरं लग्न केलं. उतारवयात ऑर्किड लावली, रात्री दुर्बिणीतून तारे पाहिले आणि पाण्याच्या थेंबात राहणाऱ्या रोटिफर या सूक्ष्म जिवांवर हडसन या सहकाऱ्याबरोबर १८८६ मध्ये मोठा ग्रंथ काढला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्चच्या घरी तो वारला. त्यानंतर साधारण दोन वर्षांनी सर्गेई विनोग्राडस्कीने अमोनियाचं नायट्रेट करणारे ते जिवाणू वेगळे काढून दाखवले.